किल्ल्यातून आलेलं पत्र

पत्र टेबलावर आलं तसा काकूंनी चष्मा काढला आणि डबीत घातला.

"वहिनी, आम्ही कुठं म्हणालो तुम्ही डोकावता म्हणून?" दीर हसले.

"नेम म्हणजे नेम, भाऊजी. माझ्या वाटाडीला अक्षर येत नाही. मग मला तरी कशाला दिसायला हवं?"

रविवारची दुपार, जेवणं उरकलेली. टेबलावर पेन्सिलीनं काढलेला दरीचा नि पुलाचा नकाशा, पुलाच्या तोंडाशी तीन सोंगट्या, फासे. खेळ पुतणी चालवायची. ती एक जग सांगायची आणि बाकीचे तिघं त्यात आपापलं पात्र होऊन वावरायचे. तिचे बाबा, म्हणजे काकूंचे दीर, पंडित. काकूंचे यजमान शिपाई. आणि काकू डोंगरातली वाटाडी, पाच भाषा बोलणारी, एकीतही न वाचणारी. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या, उलटा मजकूरही घडाघडा वाचणाऱ्या काकूंनी चौदा महिन्यांपूर्वी हे पात्र घेतलं, तेव्हापासून दिरांचं एकच पालुपद होतं. "आठवडाभर जगाच्या चुका काढायच्या, आणि रविवारी अंगठाबहाद्दर!"

प्रत्येक पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली असायची; पात्र मेलं की तो कागद फाडायचा, हा पुतणीचा कायदा. वाटाडीचा कागद आता हाताळून कडांना मऊ पडला होता.

"पत्र दरीपलीकडच्या किल्ल्यातून आलंय," पुतणी म्हणाली. "भाषा काकूच्या वाटाडीला कळते, लिपी मात्र फक्त पंडिताला. बाबा, तू वाच."

दिरांनी आधी वरच्या दोन ओळी मनात वाचल्या. एक भुवई वर गेली, खाली आली. मग घसा खाकरून म्हणाले, "पूल पक्का आहे. वाटाडीनं पुढे यावं, बाकीच्यांनी मागून."

"चला तर मग," यजमानांनी फासे उचलले.

"थांबा हो जरा." काकू कागदाकडे पाहत होत्या. चष्म्याविना नुसत्या काळ्या रेघा, पण चांगल्या सहा होत्या. "पंडितजी, कागद भरलेला दिसतोय. तुमचं तर एका दमात संपलं."

"बाकी सगळे नमस्कार-चमत्कार आहेत."

"तेही ऐकवा. मला आवडतात."

दिरांनी ऐकवले. नमस्कार आले, क्षेमकुशल आलं, पुलाला कालच नवे दोर बांधल्याचंही आलं. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"छान. आता पुन्हा एकदा, तस्संच."

"पाठ करताय की काय, वहिनी?"

"करावंच लागतं. अक्षर नाही म्हटल्यावर सगळी भिस्त कानांवर."

दिरांनी पुन्हा वाचलं. या खेपेला क्षेमकुशल आधी आलं, नमस्कार मागून. दोर परवाच बांधले गेले.

"मघाशी काल होतं."

"अहो, काल काय नि परवा काय!"

"बोलताना चालतं, पंडितजी. कागदावर एकच असणार."

यजमानांनी फासे हळूच खाली ठेवले. "शाळेतही हा असाच वाचायचा. धड्यात नसलेलंसुद्धा."

पुतणीनं चेहरा वहीआड नेला. तिथूनच विचारलं, "काकू, वाटाडी काय करते?"

काकूंनी आपली सोंगटी पुलाच्या तोंडावरून एका बोटानं बाजूला सरकवली.

"वाट सोडते. पूल पक्का आहे, दोर नवे आहेत, पंडितांनी स्वतः वाचलंय. तेव्हा पहिला मान त्यांचा. पंडितजी, व्हा पुढे."

दिरांनी सोंगटी उचलली. पेन्सिलीच्या बारीकशा पुलावर ती हवेतच राहिली. दुसऱ्या हातातला कागद त्यांनी पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि या खेपेला सहाच्या सहा ओळी वाचल्या, मनातल्या मनात.