सैल मुंडावळ्या

"ओढायचे तर नाहीतच," नीरजा म्हणाली. "गरम हवाही नको. कपाळावरची जागा अजून बधिर आहे, भाजलं तरी कळत नाही."

चित्राने हातातला ड्रायर खाली ठेवला. लग्नाची केशरचना ठरवायला तिच्या नौपाड्यातल्या पार्लरात रोज कोणीतरी येई; पण ऑपरेशन करून कपाळ लहान केल्यावर केस कसे बसवायचे, हे विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"म्हणजे केसांची रेघच खाली आणली? कोणाची?"

"आहे जवळचं माणूस."

जवळच्या माणसाच्या नावावर काय काय विचारलं जातं, हे चित्राला पाठ होतं. तिने नीरजाच्या भुवयांपर्यंत आलेल्या झुलपांकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

"मग केस पुढेच घेऊ, हलक्या हाताने. स्प्रे-बिप्रे डॉक्टरांना विचारूनच. आणि मुंडावळ्या?"

"तेच तर विचारायला आलेय."

"सैल. व्रणाच्या खाली."

संध्याकाळी नीरजाच्या होणाऱ्या सासूबाई, मंदाकिनीबाई, केसांना मेंदी लावून घ्यायला आल्या. चित्रा तशी पोटात ठेवणारी. "तुमच्या सूनबाई येऊन गेल्या," एवढंच म्हणाली, आणि मग बाकीचंही सगळं सांगितलं.

मंदाकिनीबाई माणसांचा जमाखर्च मनात मांडत. नीरजाच्या जमेला शिक्षण, नोकरी, गोड आवाज. खर्चाची बाजू आजवर कोरी होती. त्यांनी घरी येऊन हैदराबादला, मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

"घरात टोपी कसली रे, अद्वय?"

"एसी आहे गं."

"नीरजाचं कपाळ कधी नीट पाहिलंयस?"

"कपाळात काय पाहायचं, आई?"

"बनवलेलं माणूस मला चालणार नाही. आज कपाळ लपवलं, उद्या काय लपवेल? खोटं निघालं तर अक्षता पडू देणार नाही, सांगून ठेवते."

अद्वयने टोपी सारखी केली. "सोड ना, आई."

"सोड काय? भोळेपणा आणि हातभर कपाळ, दोन्ही बाबांचंच उचललंयस."

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये होतं. अद्वय विमानाने आला तो आदल्या रात्री उशिरा, आणि सकाळी कोणी उठायच्या आत फेटा घालून तयार. मंदाकिनीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. मुंडावळ्यांचे दोन जोड घेऊन त्या थेट नवरीच्या खोलीत शिरल्या.

"मीच बांधते."

"मावशी, जरा सैल..." चित्रा पुटपुटली.

"तू गप गं."

त्यांनी नीरजाची झुलपं वर सारली, दोरा कपाळावर ताणला आणि मागे गाठ मारली.

"दुखतंय?"

"नाही."

"अजून आवळू?"

"आवळा ना, आई. ऐन वेळी सुटायला नको."

मंदाकिनीबाईंनी केसांच्या कडेने अंगठा फिरवला. कुठे रेघ नाही, वण नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दोन्ही हात नीरजाच्या गालांवरून उतरवून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"आता नवरदेवाच्या. अशाच घट्ट!" म्हणत त्या दुसरा जोड घेऊन निघाल्या.

नीरजा शालू सावरत मागे धावली. "आई, थांबा! त्या चित्राताई बांधतील..."

तोवर मंदाकिनीबाई मुलासमोर उभ्या होत्या. "फेटा आधी कोणी घालतं का, वेड्या?" त्यांनी तो उतरवला, कपाळावरचे केस प्रेमाने वर सारले आणि कडेने अंगठा फिरवला. या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत, गुलाबी रेघ.