टपालवाली म्हातारी

सूनबाई एस्तेर हल्ली वाचताना अंगचोरपणा करत होती. आवाज निघेना, हात हलेना, आणि पान उलटायचं तर नावच नाही. सुमित्राबाई दिवाणावर बसून सगळं बघत होत्या. तिसरी शिकलेल्या बाईला अक्षर ओळखायला वेळ लागतो, माणूस ओळखायला नाही.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्या घरातली दोन्ही पोरं शाळेत जात नव्हती. एस्तेर त्यांना घरीच शिकवायची. सकाळी प्रार्थना आणि बायबल, मग गणित, दुपारी पाखरांचं रंगीत पुस्तक. आणि चहानंतर सगळ्यांनी मिळून एक मोठी गोष्ट. वाचन थांबलं की सात वर्षांच्या योएलने पानाचा आकडा मोठ्याने सांगायचा, हा नेम होता. तेवढाच आकड्यांचा सराव. सुरुवातीला सुमित्राबाईंनीच या घरच्या शाळेला विरोध केला होता. "वर्ध्यातले मास्तर मेले का सगळे?" पण चहानंतरच्या गोष्टीने त्यांना धरलं. आता शेजारच्या मंदाबाईंनी "पोरं शाळेत काऊन नाई जात?" असं विचारलं की त्याच फटकारायच्या, "तुह्या नातवाले विचार, त्यानं यंदा किती पुस्तकं वाचली."

सध्याची गोष्ट एका म्हातारीची होती. दूरच्या कुठल्याशा बर्फाच्या मुलखात ती तट्टावर बसून गावोगाव टपाल वाटायची. कोणाचं ऐकायची नाही, कोणाच्या बापाला भ्यायची नाही. सुमित्राबाईंना ती सख्ख्या बहिणीसारखी वाटायची. मध्यंतरी पोट दुखायला लागलं म्हणून त्यांना तपासण्यांसाठी नागपूरला नेलं, तेव्हा गाडीतसुद्धा त्यांनी नातीकडून, रुचिकाकडून, दोन प्रकरणं वाचून घेतली होती. मग रिपोर्ट आले. "पित्त आहे, आई. बाकी काही नाही," मुलगा प्रफुल म्हणाला. सुमित्राबाई गोळ्या घ्यायला लागल्या.

आणि तेव्हापासूनच गोष्ट बिघडली. म्हातारी आठ दिवस एकच चढ चढत होती. परवा तिच्या तट्टाची नाल निसटली. काल पुन्हा निसटली. आज तर तिने बर्फात चूल पेटवून वांग्याचं भरीत केलं.

"भरीत?" सुमित्राबाई म्हणाल्या. "तिकडं वांगे होतात का व?"

"होत असतील, आई," एस्तेर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

योएल फिस्कन हसला. रुचिकाने त्याला कोपर मारलं.

ते कोपर सुमित्राबाईंना लागलं. म्हणजे हे ठरवून चाललं होतं. खरी गोष्ट आपण मागाहून वाचू, अडाणी म्हातारीला काहीही सांगा, तिला काय समजतं! ज्या पोरांसाठी त्या सगळ्या आळीशी भांडल्या, ती पोरंसुद्धा सामील होती. त्यांनी हात पुढे केला.

"आण ते पुस्तक इकडं."

एस्तेरने ते पोटाशी धरलं. "आई, उद्या वाचू ना पुढचं."

"मी आण म्हटलं."

पुस्तक हातात आलं. मजकूर वाचायला त्यांना वेळ लागला असता, पण आकडे त्यांचे पक्के होते. पान एकशे बारा.

"योएल, काल कोणतं पान सांगतलं होतं रे तू?"

"एकशे छत्तीस," तो पुटपुटला.

"अन् हे कोणतं हाय?"

योएलने चड्डीच्या खिशात हात घातले. सुमित्राबाईंनी पुस्तक रुचिकाच्या मांडीवर ठेवलं.

"वाच. जे लिहिलं तेच वाच."

रुचिकाने आईकडे पाहिलं, मग पानाकडे. "आजी, म्हातारी मरते."

सुमित्राबाई मोठ्याने हसल्या. छातीवरचा धोंडा उतरल्यासारख्या. "बस, एवढंच? अव, मरू दे ना! सत्तरीची बाई बर्फात हिंडून राह्यली, मरन नाई तं काय करन? मले वाटलं, तुमी मायी मजाक करून राह्यले. पुस्तकातली म्हातारी मेली तं मले काय होते?"

कोणी हसलं नाही. प्रफुल नुकताच कामावरून येऊन दारात उभा होता. चपला काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

योएलला रडू फुटलं. "मम्मीनं सांगितलं होतं, आजीसमोर मरायचं काही वाचायचं नाही. रोज हसायचं. नाहीतर आजीले समजते, तिचं..."

रुचिकाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

सुमित्राबाईंचं हसू तसंच राहिलं, चेहऱ्यावर विसरल्यासारखं. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"पित्त," त्या म्हणाल्या.

प्रफुलने मान खाली घातली.

त्यांनी योएलला जवळ ओढलं आणि पदराने त्याचं नाक पुसलं. पोराचं अंग तापल्यासारखं झालं होतं. ते त्यांच्या कुशीत शिरलं आणि आठ दिवसांचं रडणं एकदम रडायला लागलं.

"आई, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही..." एस्तेर म्हणाली. "मी रोज प्रार्थना करत होते, आई. मला दुसरं काही सुचलं नाही."

सुमित्राबाईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर एस्तेरला बरं वाटलं असतं.

"मले खोटं सांगतलं, त्याची क्षमा केली, एस्तेर. पण मायं मरण या सात वर्षांच्या लेकराले वाहाले लावलं तू, त्याची नाई करत."