दुसरा गळ

“कापून घ्यायला जमलं, मग टोचून घ्यायला काय झालं?” कमळू ओटीवरून ओरडला.

कुडाच्या भिंतीआड कुणाली उताणी पडली होती. गुडघे दुमडलेले, अंगावर आईचं जुनं लुगडं. जन्मापासून सगळ्यांनी तिला कुणाल म्हटलं होतं. गेल्याच महिन्यात मुंबईच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून तिने आपलं अंग बाईचं करून घेतलं होतं. आत केलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ एक गुळगुळीत कांडी आत धरून पडावं लागे. नर्सने बजावलं होतं, श्वास धरलास की अंग आवळतं, सोडलास की सैल पडतं. म्हणून ती तोंडाने लांब श्वास सोडत होती.

“आणि ते फुसफुसणं बंद कर! घरात साप शिरल्यासारखं वाटतंय.”

नवस तिच्या बापाचा, कमळूचाच होता. मुलगा झाला तर म्हशाच्या जत्रेत मी पाठीत लोखंडी गळ टोचून घेईन, आणि तो मोठा झाला की दुसरा गळ तो घेईल. पहिला गळ त्याने कधीच घेतला होता. त्याच्या पाठीवर दोन गोल वण होते. दुसऱ्या गळाचा दिवस आज होता, आणि कमळू हातात कोरं धोतर घेऊन उभा होता.

“हे नेस आणि उघड्या पाठीने चल. नाय तर पिशवी उचल. नवसाच्या जेवणाला पाव्हणे यायच्या आत घर मोकळं झालं पायजे.”

“मला बसता येत नाय, बा. चालू कशी?”

“सुदामचा टेम्पो हाय. झोपून चल.”

“मी येणार नाय. सांगा तुमच्या देवाला, तुमाला पोरगा नाय.”

ओटीवर धोतर झटकल्याचा आवाज आला, आणि टेम्पो सुरू झाला.

कुणालीने पडल्या पडल्याच पिशवी भरली. कपडे, औषधं, कापसाच्या घड्या, खाली घेऊन बसायची रबरी चकती. मध्येच रडू फुटलं, पण हुंदक्याबरोबर टाक्यांतून कळ गेली, म्हणून तिने रडणंही गिळलं. दवाखान्यात तिला वाटलं होतं, हे एवढं दुखणं सोसलं की संपलं. इथे आल्यापासून तिच्याशी कोणी सरळ बोललं नव्हतं. तिची आई सावळीसुद्धा गरम पाण्याचा तांब्या उंबऱ्यावरून आत सरकवायची आणि तोंड फिरवायची.

आताही तिने तांब्या सरकवला. भरलेली पिशवी पाहिली.

“कुठं जाशील?”

“किन्हवलीला. मावशीकडं.”

“ती घेईल घरात?”

“नाय घ्यायची.”

“मग?”

कुणालीने पिशवीचं तोंड बांधून ती उशाशी ओढली.

उन्हं कलली तेव्हा टेम्पो परत आला. कमळूला एका बाजूने धरून त्याचा भाऊ सुदाम ओटीवर चढला.

“धर गो वयनी, तुझा नवरा. या वयात ही हौस! भगतानं इचारलं, दुसरा गळ पोराचा ना, मग पोरगा कुठं? तर हा बोलतो, पोरगा नाय मला. आणि दिली सोताचीच पाठ. सगळी जत्रा हसली. पाव्हणे तिथूनच फिरले घरला. बोलले, अशा घरात कोण जेवंल?”

“तू जा आता,” कमळू म्हणाला.

सुदाम गेला. सावळीने कमळूला पालथं झोपवलं. जुन्या वणांवरच नव्या जखमा होत्या. वाटीत भंडारा आणि तेल कालवता कालवता ती एकटीच पुटपुटत होती, “एक उताणं, एक पालथं. मी कुणाकुणाचं करू?”

पालथ्याला छातीखाली घ्यायला काही मिळेना. ती आत आली, काही न विचारता कुणालीच्या उशाची पिशवी उचलली आणि बाहेर नेऊन त्याच्या छातीखाली सारली.

“हे काय?” कमळूने विचारलं.

“पिशवी. तुमीच उचलायला सांगितली ना?”

कमळू कुरकुरला. पण ती त्याने काढून फेकली नाही. तिच्यावर हनुवटी टेकून पडून राहिला.

सावळीचं बोट जखमेला लागलं आणि ओटीवर एकदम सगळं गप्प झालं. कुणालीला ती शांतता ओळखीची होती. टाके ओले होते तेव्हा तीही अशीच श्वास कोंडून पडायची.

“बा, श्वास धरू नका,” ती कुडाकडे तोंड करून म्हणाली. “धरला की अंग आवळतं, जास्त दुखतं. तोंडाने सोडा. हळू.”

“तू नको शिकवू मला.”

“नका शिकू. दुखू दे मग.”

“दुखू दे!”

सावळीने वाटीत बोट बुडवलं आणि पुन्हा जखमेवर टेकवलं. पलीकडे दात करकरले. मग एक लांब, फुसफुसता श्वास कुडाच्या फटींतून आत आला. मागोमाग दुसरा.

“झालं,” सावळी म्हणाली. “आता घरात दोन साप.”