झोळीतली मरळ

हिवताप खात्याच्या साहेबांची घोडी गावात शिरल्याचं कळलं, तशी धनुबाईने मरळ ओल्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि झोळीत घातली. हातभर लांब मासा, पण मरळच ती, पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ दम धरते. धनुबाईने दोरी ओढून झोके द्यायला सुरुवात केली. आयुष्यात कधी पाळणा न हललेल्या त्या घरात झोळी हलताना पाहून तिचा नवरा लोटन आ वासून बसला.

"तोंड मिट," धनुबाई म्हणाली. "कोनी इचारं ते सांग, भाचीनं लेकरू शे."

प्रकरण साधं होतं. हिवतापावर उपाय म्हणून सरकारने ब्राह्मणपुरीच्या विहिरीत डास खाणारे विलायती मासे सोडले होते. बोटाच्या पेराएवढे, मळकट, पण सरकारी. खात्याचा शिपाई अनीसमियाँ ते पन्नास मासे शहाद्याहून डोक्यावरच्या हंड्यात घेऊन चालत आला होता. वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर थांबून त्याने त्यांचं पाणी बदललं होतं. आठ दिवसांनी पाहतात तर विहिरीत एक नाही.

उरली होती फक्त धनुबाईची मरळ. विहिरीत जीव असला की पाणी निवळ राहतं, म्हणून तिनेच ती बोटभर असताना सोडली होती. सकाळी बादली पाण्याला लागली की मरळ वर यायची, आणि नवऱ्याशी वर्षभरात बोलत नसेल इतकं धनुबाई तिच्याशी बोलून घ्यायची. साहेबांनी हुकूम काढला, मरळ पकडा आणि मारा.

जाळं फिरवून झालं, गळ टाकून झाला, मरळ काही लागेना. मग कोणीतरी धनुबाईच्या घराकडे बोट दाखवलं. असा एक प्रत्येक गावात असतोच.

साहेब पुण्याकडचे, अजून लग्न न झालेले. ते उंबऱ्यातच थांबले. मागे ओलं जाळं खांद्यावर टाकून अनीसमियाँ.

"बाई, विहिरीतला मासा तुम्ही घरात आणला असं कळतं."

"मासा? आमी मासा खातच नही, साहेब."

"आणि सरकारचे पन्नास मासे कुणी खाल्ले?"

"मरी गयात व्हतीन. ह्या गावनं पानी त्यासले मानवनं नही."

तेवढ्यात झोळीतून टपकन थेंब पडला. मग दुसरा. जमिनीवर चांगला ओघळ लागला.

"हे काय?"

"लेकरू शे, साहेब. वल्लं करस."

झोळीने आतून असा हिसका दिला की वासा करकरला.

"लाथा मारस," धनुबाई म्हणाली.

साहेबांना लहान मुलांची सवय नव्हती, ओल्या मुलांची तर मुळीच नव्हती. "अनीस, बघ जरा," ते म्हणाले.

अनीसमियाँ सहा लेकरांचा बाप. इतका वेळ ओलं राहून गप्प बसणारं लेकरू त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने धडप्याचं टोक उचललं. आतून मरळीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंड उघडलं, मिटलं.

अनीसमियाँ संतापला. हिच्या घशात घालायला तो मासे घेऊन इतके कोस उन्हात चालला होता. हंड्याने टाळूची सालटं निघाली होती आणि मान अजून डावीकडे वळत नव्हती. तोंडातून शिवी निघणारच होती, पण त्याआधी त्याने धनुबाईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला दोरी सोडावी लागली असती. अनीसमियाँला तिची फार दया आली. त्याने टोक परत खाली टाकलं.

"लेकरूच आहे, साहेब."

"रडत कसं नाही?"

"गरीब आहे बिचारं."

"प्रकृती?"

अनीसमियाँने पुन्हा एकदा आत पाहिलं. "चांगली आहे, साहेब. खातंपितं आहे."

साहेब रीतीभातीचे. लेकरू पहिल्यांदा पाहायचं तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं पाहिजे, म्हणून त्यांनी खिशातून चवली काढली आणि झोळीकडे पाऊल टाकलं. धनुबाईचा हात थांबला.

"नका, साहेब," अनीसमियाँ आडवा झाला. "सव्वा महिना झालेला नाही. नजर लागते."

असल्या गोष्टींवर साहेबांचा विश्वास नव्हता, पण पाऊल त्यांनी मागे घेतलं. चवली लोटनच्या हातावर ठेवली. लोटनचं तोंड पुन्हा उघडं पडलं.

"मरळ सापडली नाही, मासे पाणी न मानवल्याने दगावले, असं लिहितो," साहेब घोडीवर बसत म्हणाले. "पुढच्या मंगळवारी आणखी शंभर घेऊन ये, अनीस."

घोडी वळणाआड गेली तशी धनुबाई मरळ पोटाशी धरून विहिरीकडे धावली. लोक बाजूला करत अनीसमियाँ पुढे. मरळ पाण्यात पडली, तळाला गेली आणि जरा वेळाने वर येऊन एक घोट हवा घेऊन परत गेली. धनुबाई काठावर बसली आणि आता कुठे तिने डोळे पुसले.

अनीसमियाँ मान चोळत काठावर टेकला. "आते खरं सांग, बाई. मन्हा मासा हिनीच खादात ना?"

धनुबाईने पाण्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. एवढे उपकार केलेल्या माणसाशी खोटं बोलणं तिला बरं वाटेना.

"खादात, भाऊ." मग थोडी पुढे सरकून, हळूच म्हणाली, "ह्या खेपले जराक मोठला मासा लई ये. मांगला पन्नासमा तिनं पोट भरनं नही."