सहा प्रश्न

डॉक्टरांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि केस पेपर मांडीवर घेतला. "सहा प्रश्न विचारणार आहे. हो असेल तर पापणी एकदा मिटायची, नाही असेल तर दोनदा. मध्ये कोणी बोलायचं नाही."

सासूबाई लेकाच्या उशाशी बसल्या, सून पायथ्याशी उभी राहिली. पाच आठवडे दोघी आळीपाळीने इथे बसत होत्या. आपल्या मुलाला सगळं समजतं, हे म्हातारीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. काहीही समजत नाही, हे डॉक्टरांनी. आज सोक्षमोक्ष लागायचा होता. उत्तरं जुळली तर पुढचे उपचार, नाहीतर श्वासाचं यंत्र बंद. सुनेचा जीव टांगणीला लागला होता.

प्रश्न केस पेपरवरूनच काढले होते. भरतीच्या दिवशी सुनेने सांगितलं, तसं नर्सने त्यावर उतरवून घेतलं होतं.

"तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवता?"

एकदा.

"घरी शिडीवरून पाय घसरून पडलात?"

दोनदा. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

"तुम्हाला मुलगा आहे?"

दोनदा. एकच मुलगी होती, दुसरीतली.

"पडलात तेव्हा बायको घरात होती?"

एकदा. पुन्हा फुली. सून तेव्हा बाजारात गेलेली, असं पेपरवर होतं.

"ह्या तुमच्या आई ना?"

एकदा, आणि लगेच. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बायकोने आल्या आल्या अँब्युलन्स बोलावली?"

दोनदा. तिसरी फुली.

डॉक्टर उठले. "तीन बरोबर, तीन चूक. नाणं उडवलं तरी एवढंच येतं, आजी. पापणी आपोआप फडफडते आहे."

"आईला ओळखलं त्याने, ते आपोआप?" सासूबाई म्हणाल्या. "डोक्याला मार लागल्यावर पडल्याचं कोणाला आठवतं? तेवढं सोडा. बाकी सगळं अचूक सांगितलंन माझ्या लेकाने."

"तुम्ही बरोबर आलेलीच मोजता."

"आणि तुम्ही चुकलेलीच."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि दोघंही तसूभर हलणार नव्हते. शेवटी म्हातारीने सुनेचा हात धरला. "अगं, तू सांग ना. सही तुझी लागते. तू म्हणशील तसंच होईल."

सुनेला रडू आवरेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"डॉक्टरांचं बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "किती दिवस हाल करायचे त्यांचे?"

सासूबाईंनी तिचा हात सोडला. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला, सही कुठे करायची ते दाखवलं. तिने पेन हातात घेतलं. सहाच्या सहा उत्तरं बरोबर होती, हे त्या खोलीत फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक होतं.