बोटींची वेळ

उपग्रह बंद पडून आठवडा झाला होता. समुद्र चढल्यापासून बंदराला उंच भिंत होती. बोटीच्या आणि बंदराच्या संगणकातली वेळ सेकंदाला जुळली, तरच भिंतीतलं दार उघडायचं. ती वेळ उपग्रह पुरवायचा. आता प्रत्येक बोटीचं घड्याळ आपापल्या चालीनं भरकटलं होतं.

वादळ आलं तेव्हा दारावर चांगुणाची पाळी होती. वायरलेसवर तिचा भाऊ हिराजी ओरडला, "बाय, दार उघड! बोटीत पाणी भरतंय!"

"तुझ्या पडद्यावर किती वाजलेत ते सांग!"

त्यानं सांगितली ती वेळ तिनं बंदराच्या घड्याळाला लावली. दार उघडलं, हिराजी आत आला आणि लाटांपुढे दार आपोआप मिटलं.

मागच्या बोटींनी हे ऐकलं होतं. सगळे एकदमच आपापली वेळ ओरडून सांगू लागले.

"एकेक जण बोला रे!" चांगुणा किंचाळली. कुणीच थांबेना. त्या गलक्यात एकही आकडा धड कळेना.

मग एकेक आवाज लाटांखाली बुडत गेला. शेवटी एकाच माणसाची वेळ तिला स्वच्छ ऐकू आली. तिनं ती लावली.