मिठाच्या पोत्यातली पुस्तकं

बस भाई, चहा रकाबीत ओत. माझ्या पायांकडं काय बघतोस? मिठागरात जन्म गेला, भेगा राहणारच. एक गोष्ट सांगतो, मग एक काम सांगेन.

आपल्या जिल्ह्याच्या जेलात वशराम म्हणून एक जन्मठेपी आहे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगावरून भांडण झालं, यानं एकाला धक्का दिला. तो गच्चीवरून खाली. जागीच गेला.

हल्ली जेलात कॉलेज चालतं. पंड्यासाहेब शनिवारी शिकवायला येतात, परीक्षाही आतच. वशराम बी.ए.ला बसला, पण पुस्तकं कुठली? तर कोणी म्हातारा फाटकावर मिठाचं पोतं ठेवून गेला. पहिल्या वर्षाची सगळी पुस्तकं. नाव तेवढं ब्लेडनं कापलेलं.

आत पेन्सिलीच्या खुणा, धड्याधड्यापाशी तारीख.

"पोरगं रोजचा धडा रोज करायचं, साहेब," वशराम म्हणाला. "त्याचंच बोट धरून पास झालो मी."

दुसऱ्या वर्षी पुन्हा पोतं. पुन्हा पास.

तिसऱ्या वर्षी मात्र गडी अडून बसला. "पुस्तकवाला भेटल्याशिवाय फॉर्म भरणार नाही."

"अरे येड्या, त्याला नसेल यायचं!"

"माझ्या हातांची किळस येत असेल. साहेब, ज्याचा पोरगा मारला त्याच्यासमोर कोर्टात मान वर झाली नाही माझी. याच्या तरी पाया पडू द्या."

निरोप गेला. म्हातारा आला, भेटीच्या जाळीपर्यंत पोचला. पलीकडं वशरामची पाठ दिसली, तसा मागं फिरला आणि बाहेर लिंबाखाली खाली मान घालून बसला.

पंड्यासाहेब धावत आले. "बापा, दोन मिनिटं तरी!"

"नको साहेब. मला बघितलं तर पुस्तकाला हात लावायचा नाही तो. फॉर्म भर म्हणावं. पास झाला की येईन."

तेवढ्या शब्दावर वशरामनं फॉर्म भरला.

ते कोपऱ्यातलं पोतं ओढ इकडं. तिसऱ्या वर्षाचं आहे. आधीची नावं गावचे मास्तर कापून द्यायचे, त्यांची बदली झाली. मला कुठं अक्षर येतं? हे ब्लेड घे. जिथं माझ्या किरीटचं नाव असेल तिथं काप. यातल्या तारखा एकाच दिवशी थांबत असतील, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी. त्या सगळ्या खोडून टाक. आणि हळू, भाई. त्याची आई आतल्या खोलीत आहे, तिला तोंड दाखवायला जागा राहू दे मला.